बूड टेकण्याची परीक्षा

एलादिओ बेर्राल याला जगातलं बहुतेक सगळं जमतं. त्याला गळका नळ बंद करता येतो, हरवलेल्या कागदाची दुसरी प्रत कुठे असेल ते डोळे मिटून सांगता येतं, मेहुणीशी फोनवर अर्धा तास बोलून भांडण न होऊ देता फोन ठेवता येतो. जमत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे बसणं.

बसणं म्हणजे खुर्चीवर बसणं नव्हे. कोर्दोबातल्या एका सरकारी कचेरीत चार नंबरच्या खिडकीमागे तो चौतीस वर्षं बसलेलाच होता. पण खिडकीसमोर रांग असते, आणि समोर रांग असली की बसणं हेसुद्धा काम होतं. रांग नाही, काम नाही, आणि नुसतं बायकोसमोर कॉफीचा कप संपेपर्यंत बसायचं म्हटलं की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. पाय टेबलाखाली आपापले कुठेतरी निघालेले असायचे.

असा हा माणूस तीन आठवड्यांनी निवृत्त होणार होता. कचेरीत सगळे त्याचं अभिनंदन करत होते. घरी त्याची बायको आरासेली स्वयंपाकघराच्या दाराला टेकून त्याच्याकडे काळजीनं बघत होती.

"चौतीस वर्षं तू आठ ते तीन घराबाहेर असायचास, म्हणून आपलं जमलं," ती म्हणाली. "आता तू आठ ते आठ घरात असणार. सुट्टीच्या दिवशी तू फ्रीज किती वेळा उघडतोस, माहितीय? मी मोजलंय. एकतीस वेळा. आणि खात काहीच नाहीस."

"तपासतो," एलादिओ म्हणाला.

"काय तपासतोस?"

एलादिओनं फ्रीजचं दार नीट लागलंय का ते बघितलं.

तेव्हा आरासेलीनं परीक्षा ठरवली. येत्या गुरुवारी रजा घ्यायची. मे महिना आहे, घरोघरची फुलांची अंगणं लोकांसाठी उघडलीत, तर आपल्याच गावात पाहुण्यांसारखं हिंडायचं. अंगणं बघायची, खायचं, बसायचं, परत खायचं. घाई करायची नाही. "पास झालास तर दोघं मजेत घरी राहू. नापास झालास तर एक जण पुरीकडे, चिपिओनाला. सप्टेंबरपर्यंत."

पुरी म्हणजे आरासेलीची धाकटी बहीण. समुद्राकाठी राहते, आणि तिच्याकडे एक खोली कायम रिकामी असते. ही खोली एलादिओच्या संसारावर गेली वीस वर्षं टांगलेली होती. आरासेली तिकडे निघून गेली तर आपलं काय होईल याची त्याला पुरती कल्पना होती. मागे एकदा ती आईच्या आजारपणात आठवडाभर गेली होती, तेव्हा त्यानं गच्चीचा कठडा तीनदा रंगवला होता आणि रात्री पलंगावरच्या तिच्या जागेवर झोपून पाहिलं होतं. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. फक्त ते बसून करता येत नव्हतं.

रजेचा अर्ज ही वास्तविक एका मिनिटाची गोष्ट. वैयक्तिक कामाच्या रजेला कारण द्यावं लागत नाही, तसा नियमच आहे. पण कचेरीत नवी संगणक प्रणाली आली होती आणि तिला नियम माहीत नव्हता. कारणाचा रकाना रिकामा सोडला की ती लाल व्हायची. एलादिओनं 'हिंडणे' असं लिहिलं, तरी लाल. मग तिनं स्वतःच यादी पुढे केली: नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचा विवाह, घर बदलणे. मृत्यू अशुभ, विवाह आरासेलीला आवडला नसता. त्यानं घर बदलणे निवडलं आणि अर्ज हिरवा झाला.

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा कुस्तोदिओ दारात हजर. कुस्तोदिओची भाची त्याच कचेरीत कामाला होती.

"घर सोडताय म्हणे," तो म्हणाला. "सांगायचं तरी. कठड्याचा रंग चांगला जाड बसलाय, किंमत येईल."

समजूत काढायला अर्धा तास लागला. खरी हकिकत ऐकल्यावर तर कुस्तोदिओला जास्तच चेव आला. अंगणं बघण्याच्या बाबतीत त्याला विचारल्याशिवाय या गावात कुणी घराबाहेर पडू नये असं त्याचं मत होतं. "सान बासिलिओच्या गल्लीतनं सुरुवात कर. पण एका रांगेत थांबलास तर दिवस गेला म्हणून समज. शहाणा माणूस एका रांगेत नंबर लावतो, दुसरीत जाऊन लावतो, तिसरीत लावतो. पहिलीत वेळ येईपर्यंत बाकीच्या दोन शिजत असतात. आम्ही गेल्या वर्षी सकाळच्या सकाळी अकरा अंगणं केली. मधलं एकही आठवत नाही, पण अकरा केली."

एलादिओला हे फार पटलं. सगळं नासलं ते इथेच.

गुरुवारी सकाळी त्यानं स्वतःहून घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवलं. आरासेलीनं निळा झगा घातला होता, कानात डूल होते. कोपऱ्यावरच्या बारमध्ये तिनं टोमॅटो आणि तेल लावलेला भाजका पाव आणि कॉफी मागवली, आणि पावाचा पहिला घास घेऊन डोळे मिटले. ते उघडले तेव्हा एलादिओचा कप रिकामा होता, पैसे दिलेले होते आणि तो दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

"पारवे बघतोय," तो म्हणाला.

आरासेलीनं पिशवीतून फोन काढून दोन शब्द लिहिले. एलादिओनं मान लांब करून पाहिलं. पुरीचं उत्तर लगेच आलं होतं: 'खोलीच्या खिडक्या उघडल्या. हवा खेळू देते.'

तो परत येऊन बसला. आरासेलीचा पाव संपायला एकवीस मिनिटं लागली. हाताला घड्याळ नव्हतं, पण समोरच्या चर्चच्या मनोऱ्यावर होतं.

सान बासिलिओच्या गल्लीत पहिल्या अंगणाच्या दारापाशी तीसेक माणसं होती. परक्या माणसाला तिथे रांग दिसली नसती. कुणी पायरीवर टेकलेलं, कुणी समोरच्या सावलीत, दोघं तर पलीकडच्या बारमध्ये वाइन घेत होते. पण रांग होती, आणि पक्की होती, कारण आमच्याकडे रांग पायांनी लावत नाहीत, तोंडानं लावतात. आल्या आल्या मोठ्यानं विचारायचं, शेवटचं कोण? जो हात वर करेल त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा. मग तुम्ही शेवटचे. पुढचा येऊन विचारेल तेव्हा हात वर केलात की सुटलात, कुठेही जाऊन बसा. एलादिओच्या मते माणसानं आजवर केलेल्या व्यवस्थांमध्ये याहून सुंदर काही नव्हतं.

"शेवटचं कोण?" त्यानं खिडकी चारच्या आवाजात विचारलं.

"मीच, बाळा," एका हातानं छोट्या नातीला धरून दुसऱ्यानं पंखा हलवत सत्तरीच्या एक बाई म्हणाल्या. त्यांचं नाव एन्कार्ना. "पण माझ्या मागे एक हॅटवाले आहेत. सिगारेट आणायला गेलेत. तू त्यांच्या मागे."

"हॅट कसली?"

"गवती."

नोंद झाली. आरासेली एन्कार्नाबाईंशेजारी पायरीवर बसली आणि दोघींचं जिरेनियमवरच्या किडीबद्दल सुरू झालं. एलादिओ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. अंगणात एका वेळी वीस माणसं सोडत होते. वीस आत, मग पंधरा मिनिटं काही नाही. तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडच्या अंगणाची रांग नुसती वाया चालली होती.

"तू बस, मी फक्त नंबर लावून येतो," तो म्हणाला, आणि आरासेलीनं मान वर करायच्या आत कोपऱ्यावरून वळलासुद्धा.

दुसऱ्या अंगणापाशी त्यानं हाताला प्लास्टर असलेल्या एका माणसाच्या मागे नंबर लावला. तिथून परतताना वाटेत गोगलगायींची टपरी दिसली. मसाल्याच्या कढणातल्या गोगलगायींचा पेला आरासेलीचा जीव की प्राण, तेव्हा इथे उभं राहणं म्हणजे एक प्रकारे तिच्याबरोबरच असणं होतं. इथे शेवटचे होते पिंजऱ्यात कॅनरी घेऊन आलेले एक आजोबा.

"मी आहे," आजोबा म्हणाले, "पण आता तू आलास तर ऐकून ठेव. माझ्या मागे दोन बहिणी आहेत, त्या बँकेत गेल्यात. त्यांच्या मागे एक जोडपं, ते गाडी लावायला गेलंय. त्यांच्या मागे एक पाद्री, ते परत येतील असं वाटत नाही. तू त्यांच्या मागे. मी जरा याला उन्हातून आत नेतो. कुणी आलं तर सगळ्यांना सांग."

म्हणजे क्षणात एलादिओवर सहा गैरहजर माणसांची आणि एका पक्ष्याची जबाबदारी आली. हलायची सोय नव्हती. पुढचा माणूस येईपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि तो आल्यावर त्याच्याकडून सगळी यादी दोनदा म्हणवून घेतली. त्या बिचाऱ्याला फक्त गोगलगायी हव्या होत्या.

पहिल्या अंगणापाशी परत आला तेव्हा तिथे वाद पेटला होता. एक टकलू गृहस्थ म्हणत होते, मीच हॅटवाला.

"हॅट कुठाय?" मागच्यांनी विचारलं.

"बायकोच्या डोक्यावर."

बायको शेजारीच उभी होती, गवती हॅट घालून. ती आत्ताच आली होती आणि तिच्यामागे तिची आई होती.

"मग जागा कुणाची? तुमची की हॅटची?"

लोक हमरीतुमरीवर आले. एलादिओनं घसा साफ केला. "जागा माणसाची असते, टोपीची नसते," तो म्हणाला. "बायको नवऱ्याबरोबर धरायची. सासूबाई नव्यानं आल्या, त्या शेवटी." गर्दीतून पसंतीचा हुंकार उठला. खुद्द टकलूनं जास्तच समाधानानं मान हलवली. एलादिओच्या अंगातून एक गोड शिरशिरी गेली, जी त्याला बायकोबरोबर कॉफी पिताना कधी जाणवली नव्हती.

"एलादिओ, चल!" आरासेली दारातून हाक मारत होती. "आपली वेळ आली."

"हे मिटवून आलोच!"

दारावरच्या मुलीनं बोटांनी मोजलं. आरासेली एकोणिसावी, एन्कार्नाबाईंचा हात धरलेली नात विसावी. दार लागलं. पायरीवरची जागा रिकामी झाली तेव्हा एलादिओ एका बाईला समजावत होता की गरोदर असणं हा प्राधान्याचा मुद्दा आहे, पण बहिणीनं गरोदर असणं हा नाही.

आणि मग परदेशी पाहुणे आले. चौदा जण, पायात सॅंडल, आणि ते एकामागे एक सरळ उभे राहिले. कुणी काही विचारलं नाही. एलादिओनं त्यांच्यातल्या शेवटच्याला विचारलं, शेवटचं कोण? त्यानं हसून आपल्या पाठीकडे बोट दाखवलं. आता एकाच दारासमोर दोन रांगा झाल्या, एक लक्षात ठेवलेली आणि एक उभी राहिलेली. उभ्या रांगेला वाटलं, सावलीतली माणसं घुसतायत. सावलीतल्यांना वाटलं, ही माणसं इथे शिक्षा झाल्यासारखी का उभी आहेत?

अशा प्रसंगी जगात एकच इलाज आहे, तो म्हणजे नंबरची चिठ्ठी. एलादिओनं बारमधून कागदी रुमालांची गड्डी मागून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि एकपासून सुरुवात केली. पहिल्या अंगणाला साठ चिठ्ठ्या झाल्या. मग दुसरीकडे प्लास्टरवाल्याचे हाल बघवेनात, म्हणून तिथे चाळीस. टपरीवर तर लोकांनी त्याला स्वतःहून बोलावलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, तो तीन गल्ल्यांतून धावत होता, आणि लोक एकमेकांना सांगत होते, त्या काकांना विचारा. चौतीस वर्षांत कचेरीत त्यानं एका सकाळी एवढं काम केलं नव्हतं.

एकच चूक झाली. तिन्हीकडे आकडे एकपासूनच होते. दीडच्या सुमाराला गोगलगायींचा चौदा नंबर घेऊन एक माणूस पहिल्या अंगणात शिरू लागला आणि अंगणाचा चौदा नंबर टपरीवर तिघांच्या पुढे उभा राहिला. कॅनरीवाले आजोबा आपला नंबर पक्ष्यानं खाल्ला असं सांगत होते. परदेशी पाहुण्यांनी चिठ्ठीला तोंड पुसलं होतं. कुणीतरी पोलिसांना फोन केला.

आलेली पोलीस बाई तरुण होती. "हे आकडे कुणी वाटले?" तिनं विचारलं.

निदान पन्नास बोटं एलादिओकडे वळली. त्यातलं पहिलं टकलूचं होतं.

"कोणत्या अधिकारात?"

"मी रजेवर आहे," एलादिओ म्हणाला.

"कसली रजा?"

तो सरकारी माणूस होता, नोंदीच्या विरुद्ध बोलणं त्याच्या जिवावर आलं. "घर बदलण्याची," तो पुटपुटला.

पोलीस बाईचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तेच त्याला जास्त लागलं. "काका, उन्हात फार वेळ होतात का? घरचं कुणी बरोबर आहे का?" तिनं उरलेली गड्डी घेतली आणि हात पुढे करून पेनसुद्धा मागितलं. चौतीस वर्षांत त्याच्या हातातून पेन कुणी काढून घेतलं नव्हतं. "याला सांगितलं होतं कुणी?" मागून टकलूची बायको म्हणाली. हॅट अजून तिच्याच डोक्यावर होती.

घरचं कुणी. तेव्हा कुठे एलादिओच्या लक्षात आलं की आरासेली अंगणात गेली त्याला साडेतीन तास झाले होते.

त्यानं फोन पाहिला. तिचा एकच निरोप होता: 'पुलाजवळच्या बारमध्ये आहे. सावली आहे. सावकाश ये.' सावकाश हा शब्द वाचून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत सुटला. नदीपर्यंतच्या वाटेवर त्यानं दोन रांगा ओलांडल्या आणि एकीतही काही विचारलं नाही.

आरासेली एन्कार्नाबाईंबरोबर बसली होती. टेबलावर गोगलगायींचे रिकामे पेले, मध घातलेल्या तळलेल्या वांग्यांची बशी, वाइनचे दोन ग्लास. तिनं पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या. चार अंगणं बघून झाली होती. गाल उन्हानं लाल झाले होते, आणि ती इतकी निवांत दिसत होती की एलादिओ दोन पावलं अलीकडेच थबकला. असं तिला त्यानं शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना.

"आले वाटतं तुझे साहेब," एन्कार्नाबाई उठल्या. आरासेलीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, नातीला हाताशी धरलं आणि जाता जाता एलादिओच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "बस रे बाळा. वांगी गार झालीत, पण चांगली आहेत."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. टेबलावर आरासेलीचा फोन उघडाच होता. पुरीनं लिहिलं होतं: 'कडक उशी आणली. बस किती वाजता पोचते ते कळव.'

"आरा, जाऊ नकोस," तो म्हणाला. "मी नापास झालो, कबूल. पण तू गेलीस तर मी त्या घरात काय करू? मला तिथे तुझ्याशिवाय काहीच सापडत नाही."

"मी कुठे चाललेय?"

"पुरीकडे."

"मी?" आरासेलीनं ग्लास खाली ठेवला. "मी कशाला जाऊ? घर माझं, कुंड्या माझ्या, मैत्रिणी इथे. पुरीकडे तू जायचंस. कडक उशी कोण घेतं आपल्या घरात?"

एलादिओनं फोनवरचा निरोप परत वाचला.

"तिच्या इमारतीला सेक्रेटरी नाही," आरासेली वांग्याचा काप उचलत म्हणाली. "उन्हाळ्यात सगळे मालक येतात, पोहण्याच्या तलावावरून, गाड्या लावण्यावरून, कचऱ्यावरून रोज भांडतात. नोंदवही दोन वर्षं कुणी लिहिलेली नाही. ती तुझी वाट बघतेय."

"किती घरं आहेत?" एलादिओनं विचारलं.

विचारून चुकला. शब्द तोंडातून गेले तेव्हा त्याचे कान टवकारलेले होते, पाय खुर्चीखालून निघाले होते, हात खिशात पेन शोधत होता. आणि आरासेलीनं उत्तर दिलं नाही. चौऱ्याऐंशी, एवढंच सांगायचं होतं तिला. ती नदीकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला हाच प्रश्न अपेक्षित होता, आणि तो येऊ नये म्हणून तिनं सकाळपासून निळा झगा घालून वाट पाहिली होती, एवढंच.

एलादिओला लाज वाटली. मान वर करवेना इतकी वाटली. त्यानं खिशातला हात बाहेर काढला. मग तो हळूहळू मागे सरकला, खुर्चीच्या पाठीला पाठ टेकेपर्यंत. तिथे पाठ टेकायची असते हे त्याला ऐकून माहीत होतं.

"दोन कॉफी," तो वेटरला म्हणाला.

कॉफी आली. तो बसला. पुलावरून माणसं जात होती, नदीतल्या बेटावर बगळे होते, आणि त्यांतल्या एकाचंही काही व्यवस्थित लावून देता येण्यासारखं नव्हतं. चर्चची घंटा वाजली, परत वाजली. शेजारची टेबलं रिकामी झाली. लोक जेवून दुपारच्या झोपेला घरी गेले. वेटर बारच्या दाराशी टेकून जांभया देऊ लागला.

"चल," शेवटी आरासेलीच चुळबुळली. "माझेसुद्धा पाय आखडले. घरी जाऊन पडू जरा."

"थांब, घोटभर राहिलीय," एलादिओ म्हणाला आणि कप तोंडाला लावला.

आरासेलीनं वाकून पाहिलं. कप तळापर्यंत कोरडा होता. कधीचा, कुणास ठाऊक. कॉफी त्यानं सवयीप्रमाणे चार सेकंदांतच प्यायली होती, आणि तेव्हापासून तो रिकामा कप तोंडाला लावून घोट घेत होता, सावकाश, मध्ये थांबून, प्रत्येक घोटानंतर कप बशीत नीट ठेवत.

फोन थरथरला. 'बस किती वाजताची?' पुरी विचारत होती. आरासेलीनं लिहिलं, 'बसलाय.' पलीकडून ताबडतोब आलं, 'बसमध्ये?' तिनं लिहिलं, 'खुर्चीत. पाऊण तास झाला.' बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, 'बरं नाहीये का त्याला?'

आरासेलीनं फोन पालथा ठेवला. तिच्या कपात अजून अर्ध्याहून जास्त कॉफी होती, गार झालेली. तिनं ती एलादिओच्या कपात ओतली आणि कप त्याच्याकडे सरकवला.

"ही मात्र दहा मिनिटं पुरव," ती म्हणाली.